कानांनीं वाचावयाचीं पुस्तकें



गेल्या शालेय वर्षाच्या आरंभीं नववीच्या वर्गांत मीं सहज विचारलें, "सुटींत कोणीं कोणतीं पुस्तकें वाचलीं?" नेहमींप्रमाणें चारपांच हात वर आले. त्यांपैकीं एका विद्यार्थ्यानें एकदम सात कादंबऱ्यांचीं नांवें घेतलीं. मला मोठा आनंद झाला. परंतु अधिक चौकशी करितां असें कळलें कीं, त्यानें त्यांतील एकहि पुस्तक उघडलें नव्हतें. सातहि त्यानें मोबाइलवर, कानांत इयरफोन घालून, दीडपट वेगानें ऐकलीं होतीं. "मग तूं तीं वाचलीं असें कसें म्हणतोस?" असें मीं विचारतांच त्यानें उलट मलाच प्रश्न केला, "सर, सगळी गोष्ट मला ठाऊक आहे. मग वाचलीं नाहींत असें तरी कसें म्हणूं?" वर्ग हंसला. इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें राहिलेलें उत्तर देण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम एक गोष्ट कबूल करितों. ज्यांस आज सर्वजण ऑडिओबुक म्हणतात त्या श्राव्य पुस्तकांविषयीं माझें मत कित्येक वर्षें चांगलें नव्हतें. आळशी मनुष्यानें शोधून काढलेली ती एक पळवाट आहे, असें मी वर्गांत बोलूनहि दाखवीत असें. हें मत बदलण्यास माझी आई कारण झाली. तिला जन्मभर दुपारच्या वेळीं वाचण्याची संवय. उतारवयांत काचबिंदूनें तिची दृष्टि गेली व तिच्या दुपारी रिकाम्या झाल्या. तिचा वेळ जावा म्हणून मीं एक मोठी ऐतिहासिक कादंबरी फोनवर लावून दिली. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "अरे, यांतले सरदार माझ्या ध्यानांत राहत नाहींत. मागचें पान पुन्हां पाहावें म्हटलें तर हाताला पानच लागत नाहीं. बंद कर तें." मीं बंद केलें. पुढें कांहीं दिवसांनीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' मीं स्वतःच रोज अर्धा तास वाचून फोनवर ध्वनिमुद्रित केलीं व तिला ऐकविलीं. वाक्य पुरें होण्याच्या आधींच आई हंसूं लागे. एकदां ती म्हणाली, "ही बाई माझ्या शेजारीं बसून भाजी निवडतां निवडतां बोलते आहे, असें वाटतें." तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, पहिल्या खेपेस चूक आईची नव्हती आणि त्या कादंबरीचीहि नव्हती. चूक माझ्या निवडीची होती. कानाला कोणतें पुस्तक द्यावें याचा मीं विचारच केला नव्हता.

वास्तविक श्राव्य पुस्तक ही कल्पना आपणांस वाटते तितकी नवी नाहीं. १८७७ सालीं एडिसन यानें फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत अंधांसाठीं बोलक्या पुस्तकांचा उल्लेख होता. ही कल्पना प्रत्यक्षांत उतरण्यास मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. अमेरिकेंत १९३४ च्या सुमारास अंधांसाठीं पुस्तकांच्या तबकड्या निघूं लागल्या. तबकडीच्या एका बाजूस सुमारें १५ मिनिटांचा मजकूर मावे. त्या आरंभींच्या यादींत स्तोत्रसंहिता होती व शेक्सपीअरचीं नाटकेंहि होतीं. पुढें १९३५ सालीं इंग्लंडांत बोलक्या पुस्तकांचें ग्रंथालय सुरू झालें. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेले सैनिक त्यांच्या डोळ्यांपुढें होते. तेथील अगदीं पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची रहस्यकथा होती, तशीच जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' ही वादळांत सांपडलेल्या जहाजाची कथाहि होती. म्हणजे गंभीर आणि रंजक असे दोन्ही प्रकार आरंभापासूनच एकत्र नांदत होते.

आपल्या लोकांनीं तर यंत्राची वाटहि पाहिली नाहीं. चातुर्मासांत एकानें श्रीधराचा 'पांडवप्रताप' वाचावा व ओटीवर बसलेल्या वीसजणांनीं तो ऐकावा, ही आपल्या गांवोगांवची रीत. फादर स्टीफन्स यांचें १६१६ सालीं गोव्यांत छापलेलें, सुमारें ११,००० ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' हेंहि देवळांत भाविकांपुढें वाचून दाखविण्यांत येई. ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस अक्षरओळख असे. तरीहि ग्रंथ त्यांच्या घरीं पोंचले. ऐकणें हें कमी प्रतीचें वाचन आहे असें म्हणावयाचें असेल, तर आपल्या आज्यापणज्यांस आपण अडाणी ठरवितों, हें लक्षांत ठेवावें.

आजची स्थिति मात्र वेगळी आहे. ओटीवर एकच पोथी असे, त्यामुळें निवडीचा प्रश्नच येत नसे. आतां खिशांतल्या यंत्रांत हजारों पुस्तकें आहेत. २००५ सालीं सुरू झालेल्या लिब्रिवॉक्स या उपक्रमांत जगभरचे स्वयंसेवक हक्कमुक्त ग्रंथ वाचून ते फुकट उपलब्ध करून देतात. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ सालीं भारतांत आली, ती प्रारंभापासून मराठी पुस्तकें घेऊनच. ज्यांस छापील मजकूर वाचतां येत नाहीं अशा दिव्यांगांसाठीं २०१६ सालीं सुगम्य पुस्तकालय सुरू झालें. भांडार इतकें वाढलें म्हणजे काय आहे यापेक्षां काय घ्यावें हाच प्रश्न मोठा होतो. त्यासाठीं अनुभवानें मला जी कसोटी सांपडली ती अशी: ज्या पुस्तकांत माणूस बोलतो तें कानाला द्यावें, ज्या पुस्तकांत पान बोलतें तें डोळ्यांसाठीं ठेवावें.

ही कसोटी निरनिराळ्या प्रकारांस लावून पाहूं. आत्मकथनांत माणूस बोलतो, म्हणून तें कानाला सर्वांत मानवतें. 'स्मृतिचित्रां'चा अनुभव वर सांगितलाच आहे. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' पाहा. तिच्यांत प्रकरणें नाहींत, रात्री आहेत. श्याम रोज रात्रीं आपल्या मित्रांस एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. जें पुस्तक मुळांतच श्रोत्यांपुढें मांडलेलें आहे, तें आपण श्रोते होऊन ऐकलें तर बिघडलें कोठें? हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरींत यमू आपली कर्मकहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते. शिवाजी सावंतांचें 'मृत्युंजय' आकारानें मोठें आहे खरें. परंतु त्यांत कर्ण, कुंती, दुर्योधन इत्यादि व्यक्ति आळीपाळीनें आपलें मनोगत सांगतात. एका वेळीं एकच आवाज बोलत असल्यानें कानाची वाट चुकत नाहीं. याच्या उलट जी कादंबरी वीस पात्रें, पांच घराणीं व तीन गांवें एकदम पुढें आणते, ती प्रथम छापील वाचावी. कानाला पान उलटतां येत नाहीं, हें माझ्या आईनें मला शिकविलें.

रहस्यकथा व गुप्तहेरकथा यांविषयीं पालकांच्या मनांत थोडी अढी असते. मला ती अनाठायीं वाटते. शेरलॉक होम्सच्या लघुकथा घ्या. त्यांतील बहुतेक त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन सांगतो, आणि एकेक कथा तासाभरांत संपते. शिवाय या प्रकारांत कानाचा एक विशेष लाभ आहे: अधीर वाचक शेवटचें पान आधीं पाहून घेतो, श्रोत्यास तो मोह आवरणें सोपें जातें. एखादा बारीकसा दुवा ऐकतांना निसटला तर शेवट उलगडत नाहीं, म्हणून लक्ष देऊन ऐकण्याची संवय लागते. इंग्रजी माध्यमाचा सराव नसलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनीं अशी एक कथा पुस्तक समोर ठेवून ऐकली तर शब्दांचे उच्चारहि कळतील.

विनोदी लेखन तर कानासाठींच जन्मलें आहे. 'बटाट्याची चाळ' पु. ल. देशपांडे रंगभूमीवर एकटेच सादर करीत. कोठें थांबावें व कोणत्या शब्दावर जोर द्यावा यावर विनोदाचा अर्धा प्राण असतो. लेखकाचा स्वतःचा आवाज मिळाला तर दुसरा शोधूं नये.

आतां माहितीपर ग्रंथांकडे वळूं. येथें अधिक सावधपणा पाहिजे. जीं पुस्तकें मूळचीं व्याख्यानें आहेत, तीं निःशंकपणें ऐकावीं. विनोबांचीं 'गीता प्रवचनें' हीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत बोललेलीं अठरा प्रवचनें आहेत. साने गुरुजींनीं तीं ऐकून उतरून घेतलीं म्हणून आपणांस मिळालीं. तीं ऐकणें म्हणजे त्यांस त्यांच्या मूळ रूपाच्या जवळ नेणेंच होय. चरित्रें व प्रवासवर्णनें यांसहि कान पुरतो. परंतु गो. स. सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'सारखा इतिहास, ज्यांत सालें, वंशावळी व मोहिमा यांची दाटी असते, तो हातांत पेन्सिल व शेजारीं नकाशा ठेवूनच वाचावा. जयंत नारळीकर यांचें उदाहरण तर फार बोलकें आहे. 'यक्षांची देणगी' यांतील त्यांच्या विज्ञानकथा खुशाल ऐकाव्या. पण आकाशांतील ग्रहताऱ्यांविषयींचें त्यांचें सचित्र पुस्तक 'आकाशाशी जडले नाते' हें डोळ्यांनींच पाहिलें पाहिजे. लेखक एकच, विषयहि जवळचेच. परंतु एका ठिकाणीं माणूस बोलतो, दुसऱ्या ठिकाणीं पानावरचें चित्र बोलतें. गणित, व्याकरण व भूमिति यांविषयीं तर सांगावयासच नको.

पुस्तक ठरल्यावर वाचणाराचा आवाज पारखावा. बहुतेक ठिकाणीं कांहीं मिनिटांचा नमुना फुकट ऐकावयास मिळतो. तो ऐकल्यावांचून पैसे देऊं नयेत. मराठीची पारख करण्यास एक सोपी खूण सांगतों. 'माझा' व 'माझी' या दोन शब्दांतील झ सारखा नाहीं. 'चोर' व 'चित्र' यांतील च सारखा नाहीं. जो वाचणारा हे भेद सांभाळतो, ळ व ण यांस न्याय देतो आणि स्वल्पविरामापाशीं श्वास घेतो, त्याच्या हातीं पुस्तक सुखरूप आहे असें समजावें. अलीकडे यंत्राच्या कृत्रिम आवाजांतहि पुस्तकें निघतात. बातमी ऐकण्यापुरतें तें ठीक. परंतु दुःखाचें वाक्य व हिशेबाचें वाक्य एकाच सुरांत ऐकण्याची मुलांस संवय लागूं नये. तसेंच पुस्तक संपूर्ण आहे कीं संक्षिप्त, हें आधीं पाहून घ्यावें. कॅसेटच्या काळांत तास दीड तासांत ग्रंथ बसविण्यासाठीं त्याची काटछांट करीत. आज तशी गरज उरलेली नाहीं, तरी कापलेलीं पुस्तकें बाजारांत आहेतच. सांगाड्यास देह समजून घरीं आणूं नये.

वेगाचा विचारहि केला पाहिजे. तीनशें पानांचें पुस्तक ऐकण्यास सुमारें १० तास लागतात. तें दीडपट वेगानें ऐकलें तर ६ तास ४० मिनिटांत संपतें, म्हणजे ३ तास २० मिनिटें वांचतात. वांचतात तीं कशांतून? वाचणारा जेथें थांबला, जेथें त्याचा आवाज जड झाला, त्या जागांतून. नेमक्या त्याच जागीं ऐकणाऱ्याच्या मनांत कथा रुजत असते. माहितीचें पुस्तक थोडें भराभर ऐकलें तर चालेल, पण श्यामच्या आईचा शेवट भराभर ऐकण्याची कोणास कां घाई असावी, हें मला कळत नाहीं. आणि रस्ता ओलांडतांना व सायकलवर असतांना कानांत इयरफोन मुळींच नको. जगांत अशी एकहि कथा नाहीं कीं जी घरीं पोंचेपर्यंत थांबूं शकत नाहीं.

यावर माझे एक सहकारी म्हणतात, "तुम्ही मुलांना वाचनापासून तोडाल." त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. मराठींत शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार व दीर्घ ईकार कानाला सारखेच ऐकूं येतात. म्हणून जो केवळ ऐकतो त्याचें शुद्धलेखन सुधारत नाहीं. आवडलेल्या ओळीखालीं रेघ मारणें, न समजलेल्या शब्दापाशीं थबकणें, तोच परिच्छेद तीनदां वाचणें, हीं कामें डोळ्यांचीं आहेत. ज्याला वाचतां येतें आणि जो केवळ ऐकूनच भागवितो, तो चालतां येत असतांना पाळण्यांत बसतो. परंतु सगळीं मुलें सारखीं नसतात. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. अक्षरें त्याच्या डोळ्यांपुढें जागच्या जागीं राहत नसत. मोठ्यानें वाचावयास सांगितलें कीं तो उभा राही व घामाघूम होई. त्याला आळशी म्हणणाऱ्यांत मीहि होतों, याची आज मला लाज वाटते. पुढें धडा ऐकतां ऐकतां ओळीखालून बोट फिरविण्याचा प्रयोग आम्ही केला. तो आजहि सावकाशच वाचतो. पण धड्यांत काय आहे हें इतरांइतकेंच त्याला कळतें, आणि वर्षअखेरीस एके दिवशीं त्यानें आपण होऊन उत्तर देण्यासाठीं हात वर केला. त्या हाताची किंमत मला निकालपत्रांतील कोणत्याहि आंकड्याहून अधिक वाटली.

पालकांस एवढीच विनंति कीं, मूल त्रास देऊं नये म्हणून त्याच्या कानांत पुस्तक कोंबूं नका. रात्रीं जेवण झाल्यावर इयरफोन बाजूला ठेवून अर्धा तास सर्वांनीं मिळून एकच पुस्तक ऐका. जे आईबाप स्वतः फार शिकलेले नाहींत त्यांसहि आपल्या मुलांबरोबर ग्रंथाचा आनंद घेतां येतो, हा या यंत्राचा मला सर्वांत मोठा उपकार वाटतो. ऐकून झाल्यावर "यांत तुला कोणाचें बोलणें पटलें?" असा एक प्रश्न विचारा. परीक्षा घेऊं नका, गप्पा मारा.

आतां सात कादंबऱ्या ऐकणाऱ्या त्या विद्यार्थ्याकडे येतों. दुसऱ्या दिवशीं मीं त्यास वादानें उत्तर दिलें नाहीं. त्याची आजी घरीं असते व तिला बारीक अक्षर दिसत नाहीं, हें मला माहीत होतें. मीं त्याच्या हातीं 'श्यामची आई' दिली व म्हटलें, "यांतली पहिली रात्र आजीसाठीं स्वतःच्या आवाजांत वाचून फोनवर उतरून घे. साने गुरुजी १९५० सालीं वारले. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याचा ग्रंथ सर्वांस मोकळा होतो, तेव्हां अडचण कांहीं नाहीं." तो हंसत गेला. चार दिवसांनीं परत आला तेव्हां म्हणाला, "सर, पांच वेळां पुसून पुन्हां वाचावें लागलें. कोठें थांबावें तेंच कळत नव्हतें. ऐकतांना हें कधीं जाणवलेंच नव्हतें." "आणि आजी काय म्हणाली?" असें मीं विचारलें. "ती विचारते, दुसरी रात्र केव्हां?"

माझें उत्तर त्याला मिळालें होतें. त्यानें सात पुस्तकें ऐकलीं होतीं ही गोष्ट खरी, व ती चांगलीहि. परंतु वाचलें होतें तें हें एक. या वर्षापासून आमच्या वर्गाच्या वाचन-नोंदवहींत तीन रकाने आहेत: वाचलेलें, ऐकलेलें, आणि दुसऱ्यास वाचून दाखविलेलें. तिसरा रकाना अजून बराच रिकामा आहे. येत्या सुटींत आपल्या घरांतील ज्या कोणाच्या डोळ्यांस आतां अक्षरें दिसत नाहींत, त्यांच्यासाठीं एकेक प्रकरण वाचून तो भरावा, एवढेंच सर्व विद्यार्थ्यांस माझें सांगणें आहे.

— एक वर्गशिक्षक